दगडांवरून गेलेली कोंडाई

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी मीठवाडी नावाचं एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला खाडी होती आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. खाडीवर मीठ पिकायचं आणि डोंगरापलीकडच्या गावांना मीठ लागायचं. मधे होती नाळ, म्हणजे डोंगराच्या दोन सोंडांमधली उभी घळ. तिथे बैल चढत नसे, घोडा चढत नसे. चढायच्या त्या मीठवाडीच्या बायका. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची पाटी, आणि तोंडाने अखंड बडबड.

त्या बायकांमधे एक कोंडी होती. तिचे आईबाप पटकीच्या साथीत गेले. भाऊ नाही, बहीण नाही. तिच्या उंचीचा नवरा काही मिळाला नाही, आणि मग कोणी शोधलाही नाही. कोंडी दोन पाट्या एकावर एक ठेवून नाळ चढायची. ती चालून गेली की चिखलात तिची टाच इतकी खोल उमटायची की पावसाळ्यात तिथे बेडूक संसार मांडायचे, असं म्हणतात.

पण ज्याची ताकद जास्त, त्याची चाल वेगळी पडते. बाकीच्या बायका अर्ध्या नाळेत असायच्या तेव्हा कोंडी माथ्यावर पोचलेली असायची. तिथे ती बसून राहायची, आणि खालून येणारी हसण्याची लाट ऐकायची. जवळ येईपर्यंत तो विनोद संपलेला असायचा.

एक ठमीच काय ती तिला हाक मारायची. ठमी बुटकी, तिखट जिभेची, तीन मुलांची आई.

"ए रेडे, दमानं! मागं माणसं येतायत, म्हशी नायत!" ती खालून ओरडायची.

मग सगळ्या हसायच्या, आणि सगळ्यांत जास्त कोंडी हसायची. त्या एका शिवीसाठी ती पुढल्या वळणावर थांबायची.

एका वर्षी दसऱ्याला नाळ उघडली तरी पाऊस रेंगाळला होता. डोंगर पाण्याने फुगला होता. बायका मीठ घेऊन निघाल्या आणि वाटेत सर आली म्हणून एका कपारीत शिरल्या. कोंडी पुढे गेली होती, ती मागे वळून आली आणि कपारीच्या तोंडाशी उभी राहिली. तेवढ्यात डोंगर हलला. कपारीच्या कपाळावरची शिळा सुटली आणि खाली येऊ लागली.

कोंडीने पाट्या टाकल्या आणि शिळेला पाठ दिली.

शिळा तिच्या पाठीवर टेकली आणि थांबली. आतून एकेक बाई तिच्या पायांमधून रांगत बाहेर आली. मीठवाडीत असं घर नव्हतं, ज्यातली लेक नाहीतर सून त्या कपारीत नव्हती. ठमी घाबरून आत आडवी झाली होती, तिला ओढून काढायला वेळ लागला. तोवर पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि कोंडीची सावली एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, असं म्हणतात. शेवटी ठमी बाहेर आली तेव्हा कोंडी बाजूला सरली. शिळा दोन हात घसरली आणि तिथेच, घळीच्या वर, लोंबकळल्यासारखी अडून राहिली. तिचा आवाज खाडीपर्यंत गेला. माथ्यावरच्या गावातल्या गाईंनी त्या दिवशी पान्हा चोरला.

संध्याकाळी सगळा गाव वाघजाईच्या देवळापुढे जमला. बायकांनी कोंडीचे पाय ऊन पाण्याने धुतले. कोणी तिला घास भरवला, कोणी तिच्या केसांना तेल लावलं. कोंडी रडत होती. आईबाप गेल्यापासून तिच्या अंगाला कोणी असा हात लावला नव्हता. आपलं एकटेपण आज संपलं, असं तिला वाटलं.

मग देवीचा भिकू गुरव उठला आणि सगळ्या गावाच्या वतीने नवस बोलला.

"आई वाघजाई, जिनं आमचं ओझं पेललं, तिच्या डोक्यावर पुन्हा ओझं देणार नाही. तिच्या पायाला पुन्हा माती लागू देणार नाही. हे मोडलं, तर ती वरची शिळा आमच्या घरांवर येवो."

गाव म्हणाला, "येवो."

इथेच मीठवाडीची चूक झाली. खरं तर ओझ्याचं शास्त्र त्या बायकांइतकं कोणाला ठाऊक होतं? पावसाळ्यात नाळ बंद असायची आणि बायका घरी बसायच्या. दसऱ्याला नाळ उघडली की पहिली खेप अर्ध्या पाटीची, असा गावचा रिवाज होता. बसलेल्या अंगावर भरली पाटी ठेवली की घोटा मोडतो, पाठीत चमक भरते, हे लहान पोरीसुद्धा सांगत. जड खेपेनंतर एक दिवस अंग टाकायचं, मग पुन्हा उचलायचं, हेही त्यांना माहीत होतं. पण हे सगळं ओझं वाहणाऱ्या बाईसाठी. कोंडी आता बाई राहिली नव्हती. ती कोंडाई झाली होती.

देवळाशेजारी तिला दगडी ओटा बांधला. त्यावर सावरीच्या कापसाची गादी घातली, वर गवताचं छप्पर केलं. घरटी पाळी लावून ताट येऊ लागलं. अंघोळीला चार बायका तिला डोलीतून न्यायच्या. तिने तांब्याला हात घातला तर कोणीतरी धावत येऊन तो तिच्या ओठांना लावायचं.

"अगं, मला घागर तरी भरू दे," ती म्हणायची.

"आई, तुम्ही का घागर भरावी? आम्ही मेलो का?"

आई आणि तुम्ही! कोंडीला कोणी कोंडे म्हणेना. ठमीसुद्धा एक दिवस आली, डोक्यावरचा पदर सारखा करून, हात जोडून उभी राहिली आणि नारळ ठेवून गेली. त्या दिवशी कोंडाई जेवली नाही. गावाला वाटलं, आईचा उपास आहे. पुढल्या आठवड्यापासून सगळ्या बायका त्या वाराला उपास धरू लागल्या.

अशी किती वर्षं गेली ते कोणी सांगत नाही. गादीचा कापूस बसला, नवा भरला, तोही बसला. रोज सकाळी बायका मीठ घेऊन तिच्यासमोरून जायच्या. ओट्यापाशी आल्या की गप्प व्हायच्या, नमस्कार करायच्या आणि पुढल्या वळणावर त्यांचं हसणं पुन्हा सुरू व्हायचं. कोंडाई ते हसणं ऐकत बसायची. पूर्वी ते जवळ तरी येत असे. आता ते लांबच जायचं.

तिचं अंग बाहेरून भरलेलं दिसे, पण आतून ती रिकामी होत होती. हाडं मुकी असतात. त्यांना भूक लागली तरी ती ओरडत नाहीत. ओझं हाच त्यांचा घास, आणि तो घास गावाने प्रेमाने काढून घेतला होता.

एके सकाळी बायका जात असताना त्यांतली एक काहीतरी बोलली आणि ठमीला हसू आवरेना. ते हसणं बघायला कोंडाई हात टेकून जराशी उठली. शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज झाला. ज्या अंगाने डोंगराची शिळा पेलली होती, त्याच अंगाचा हात स्वतःच्या भाराने मोडला.

गाव हादरला. कोणाच्या हातून नवसात चूक झाली, म्हणून कुजबूज सुरू झाली. गुरवाने ओट्याभोवती कुंपण घातलं, म्हणजे आईला वाराही लागायला नको. आणि माथ्यावरच्या म्हाकू धनगराला बोलावणं गेलं. तो शेळ्यामेंढ्यांची मोडलेली हाडं बसवायचा, आणि वेळ आली तर माणसांचीही.

म्हाकूने हात चाचपला, हाड जागेवर बसवलं, उडदाच्या पिठाचा लेप दिला आणि बांबूच्या कांबी बांधल्या. मग त्याने दुसरा हात दाबून बघितला, पाय दाबून बघितले, आणि तो गुरवाकडे वळला.

"किती दिस बसवलीया हिला?"

"बसवली म्हणजे? आई आहेत त्या. विराजमान आहेत."

"माझी शेळी पाय मोडून घेती, तवा मी बी बांधून ठेवतो. पर हाड जुळलं की सोडतो. तशीच बांधून ठेवली तर ती दुसरा पाय मोडती."

"ती शेळी, म्हाकू. ही आई."

"आरं, हाडाला काय ठावं, शेळी का आई?" म्हाकू म्हणाला. त्याने कांबळं खांद्यावर टाकलं. जाताना कोंडाईला एवढंच म्हणाला, "आता पडून ऱ्हा. हे पडणं औषधाचं हाय. पर औषध संपलं की ऊठ. न्हाईतर या गादीतच तुजी माती व्हईल."

कोंडाई औषधाचं पडणं पडून राहिली. हात जुळत आला. एक दिवस दुपारी, गाव नाचणीच्या शेतात गेलेला असताना, ठमी कुंपण ओलांडून आत आली. तिचे केस पिकले होते. ती हात जोडू लागली तशी कोंडाई म्हणाली,

"ठमे, मला शिवी दे."

ठमीने कुंपणाकडे वळून बघितलं, कोणी ऐकत तर नाही ना.

"आई, असं काय..."

"तू मला शेवटची शिवी कपारीच्या आधी दिलीस. मग तुझ्यासाठी मी पाठ दिली आणि तू माझ्याशी बोलायचीच बंद झालीस. असं काय वाईट केलं गं मी तुझं?"

"रेडे," ठमी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "अगं रेडे, म्हसोबा, काय झालंय तुझं! हे पाय हायत का चुलीतली लाकडं?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मग ठमीने कपाळावर हात मारून घेतला.

"आपण चार महिने घरी बसलो तर अर्धी पाटी उचलतो. आणि तुला इतके पावसाळे बसवलं. कोणाच्या डोक्यात आलं नाय गं."

"मग दे अर्धी पाटी."

मान वर करून ठमीने नाळेकडे बघितलं. ती शिळा तशीच लोंबकळत होती. तिच्या खाली पहिलं घर ठमीचं होतं. आत तिची नातवंडं निजायची.

"माती नाय, ओझं नाय, असा नवस हाय, कोंडे. मी कशी देऊ?"

कोंडाईने तिला आणखी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी आरतीला गाव जमला तेव्हा ओट्यावरून ती बोलली.

"आजपासून मला नारळ नको. मला दगड आणा. आधी गोट्या आणा, मग मुठीएवढे, मग हळूहळू मोठे."

गावाला नवल वाटलं. पण देवीला काय आवडावं हे कोणी ठरवायचं? लोक दगड आणू लागले. नदीतले गुळगुळीत, शेतातले ओबडधोबड. गुरव त्यांना हळदकुंकू लावायचा. आणि दुपारी, कोणी नसताना, कोंडाई ते उचलायची. आधी तळहातावर एक गोटी. मग दोन. मग मुठीचा दगड गुडघ्यावर ठेवून गुडघा वर. उचलायची, ठेवायची, आणि मग पडून राहायची.

पण तिला फार घाई झाली होती. एक दिवस कोणीतरी जात्याची फुटकी तळी आणून ठेवली. कोंडाईने जुन्या सवयीने ती एकदम उचलली. जुळलेल्या हातातून कळ निघाली आणि हात सुजून भोपळा झाला. पुन्हा कांबी आल्या, पुन्हा पडणं आलं.

"मेले, शिळा उचलायची सवय का तुला?" ठमी तिला फैलावर घेत म्हणाली. "दगड हाडाला नुसता सांगून जातो की घट्ट हो. घट्ट व्हायचं काम हाड निजलेलं असताना करतं. तू निजूच देत नाय त्याला. घरच्या सुनेला तरी असं राबवतात का?"

"तू राबवतेस," कोंडाई म्हणाली.

"ते वेगळं," ठमी म्हणाली.

त्यानंतर कोंडाई धीराने वागली. एक दिवस उचलायचं, एक दिवस विसावा. दगड मोठे होत गेले आणि ओट्याभोवती त्यांची टेकडी झाली, कुंपण त्यात दबून गेलं. तिच्या हाडांत हळूहळू मीठ भरत गेलं, असं म्हणतात. म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाही सांगता येत नाही. पण ती मांडी घालताना पूर्वी ओटा वाजत नसे, आता वाजू लागला.

आणि मग एका सणाच्या सकाळी, सगळा गाव देवळापुढे असताना, कोंडाई ओट्याच्या कडेला आली. तिने टेकडीतला एक सपाट दगड उचलला, वाकून खाली मातीवर ठेवला, आणि त्यावर पाऊल टाकलं.

बायका किंचाळल्या. पोरांना उचलून माणसं पळाली. गुरव ओरडला, "आई! माती!"

"माती कुठंय, भिकूदादा? तुम्हीच वाहिलेला दगड आहे."

तिने दुसरा दगड डोक्यावर घेतला.

"आई, ओझं!"

"ओझं कसलं? तुमचा नैवेद्य आहे हा. नैवेद्य देवीनं नाही उचलायचा, तर कोणी उचलायचा?"

सगळ्यांनी माना वर केल्या. शिळेवरून थोडी माती सुटली, भुरभुरत खाली आली. ठमीने डोळे मिटले. तिचं घर पहिलं होतं. कोंडाईने दुसरा दगड पहिल्यापुढे ठेवला आणि त्यावर दुसरं पाऊल टाकलं.

शिळा हलली नाही. अडली होती तिथे ती आजही आहे.

त्या दिवसापासून कोंडाई दगड मांडू लागली. मांडलेल्या दगडांवरून मागे यायचं, नवा दगड डोक्यावर घ्यायचा, शेवटच्या दगडाशी जायचं, तो पुढे ठेवायचा. वाट जितकी लांबत गेली तितकी खेप लांबत गेली, आणि खेप लांबली तितकी तिची हाडं भरत गेली. एक दिवस चाल, एक दिवस विसावा. विसाव्याच्या दिवशी ती मांडलेल्या शेवटच्या दगडावर बसून असायची. गाव खालून बघायचा. दर खेपेला थोडी वर, दर खेपेला थोडी लहान दिसणारी कोंडाई.

पण त्या दगडांवर दुसऱ्या कोणी पाय ठेवला नाही. आईच्या पाऊलवाटेवर आपले पाय कसे ठेवायचे? ठमी मात्र शेजारून, मातीतून, बडबडत जायची. नाळ उभी झाली तशी ठमीचे गुडघे थकले.

"आता फुडं एकटी जा," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाय."

"माझ्या दगडावर पाय ठेव. चढायला सोपं जाईल."

"नको गं बाय. शेवटी तू आई. माझी नातवंडं हायत."

कोंडाई दगड डोक्यावर घेऊन वर गेली.

ती माथ्यावर पोचली तेव्हा खालच्या गावाला ती एखाद्या झाडासारखी दिसली. शेवटचा दगड ठेवून ती त्यावर बसली, खाली तोंड करून. पूर्वी बसायची तशीच. कोणीतरी वर येईल म्हणून ती वाट बघत होती, असं म्हणतात. लोक खालून हात जोडून उभे राहिले. बायका दगडांच्या शेजारून, मातीतून घसरत मीठ नेत राहिल्या, आणि तिच्यासमोर आल्या की गप्प होत राहिल्या. पावसाळा आला आणि ढगांनी माथा झाकला. ढग उठले तेव्हा दगड रिकामा होता.

ती कुठे गेली, ते कोणाला कळलं नाही. पलीकडल्या एका गावात एक उंच बाई विहिरीवर पाणी भरायला येते आणि सगळ्यांशी भांडते, असं एका वाटसरूने सांगितलं. ते खरं असावं, असं मीठवाडीला फार वाटतं.

पुढे ठमीचा पाय मोडला. म्हाकूने बांधला. हाड जुळेपर्यंत ती पडून राहिली, आणि जुळल्यावर उठली. सून म्हणाली, "आत्याबाई, बसा हो, मी आहे ना!" ठमीने तिला अशी शिवी दिली की शेजारचं कुत्रं उठून गेलं. मग तिने मुठीएवढा दगड पाटीत घेतला आणि कोंडाईच्या दगडांवर पहिलं पाऊल ठेवलं. एक दिवस चढायची, एक दिवस थांबायची. माथ्यावर पोचली तेव्हा तिथे वारा होता आणि रिकामा दगड होता. ती त्याच्याशेजारी बसली. बराच वेळ ती बोलत होती, असं मीठ नेणाऱ्या बायकांनी बघितलं. उत्तर ऐकायला मधे मधे थांबतही होती.

तेव्हापासून मीठवाडीची माणसं त्या दगडांवरून नाळ चढतात. हाड मोडून बरा झालेला माणूस एक लहान दगड घेऊन माथ्यावर जातो आणि तो तिथे ठेवून येतो. तो दुसऱ्याने नेलेला चालत नाही. वाटेत विसावा घेतल्याशिवाय नेलेलाही चालत नाही. ओटा अजून आहे, पण त्यावर गादी नाही, आणि कोणाला बसवत नाहीत. तिच्या नावाने नारळ फोडत नाहीत, हात जोडत नाहीत.

आणि गावात आणखी एक रीत आहे, ती बाहेरून आलेल्या माणसाला आधी विचित्र वाटते. म्हातारी बाई कळशी घेऊन पाणवठ्यावरून येताना दिसली, तर मीठवाडीत तिच्या डोक्यावरची कळशी कोणी काढून घेत नाही. कळशी लहान असते, तिच्या पेलण्याइतकी. पण हातातलं काम टाकून कोणीतरी उठतं, तिच्या चालीने चालत, तिच्याशी बोलत, तिच्या दारापर्यंत जातं.